चढणीचे मासे: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

पावसाच्या सुरुवातीला अंडी घालायला ओढ्यांतून वर चढणारे मासे, म्हणजे चढणीचे मासे, मारू नका असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि रागाने लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: समुद्रात ट्रॉलर आणि पर्ससीनच्या प्रचंड जाळ्यांचे बोटवाले टनांनी मासळी उपसतात त्यांना कोणी विचारत नाही, आणि व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, खोयन (मासे धरायचा सापळा) लावून एका कालवणापुरते मासे धरणाऱ्याला मात्र उपदेश. मासा लाखांनी अंडी घालतो, दहा-वीस मारले तर काय बिघडतं? आणि ही आपली वाडवडिलांपासूनची रीत आहे.

पहिल्या मुद्द्यावर आपलं भांडण नाहीच. मालवणचे रापणकर, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, कशाने मेटाकुटीला आलेत हे मीही बघतो. दिव्यांच्या झोतातल्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी ती पाळली जावी म्हणून पारंपरिक मच्छीमारांना अजून भांडावं लागतं. त्यांच्या बाजूने लिहिलंय, पुढेही लिहीन. पण समुद्रातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. वादळी समुद्रात माणसांचा जीव वाचावा हे एक कारण, आणि बऱ्याच मासळीचा हा विणीचा काळ हे दुसरं. नेमक्या त्याच दिवसांत व्हाळांतली मासळीही गाबोळीने, पोटातल्या अंड्यांनी, भरलेली असते, आणि तिला मात्र बंदीचा काळच नाही.

आता लाखो अंड्यांचं. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, गढूळ पाणी मळ्यांतून वाहायला लागलं की शिंगटी, मळये, मरळ नदीतून व्हाळात आणि व्हाळातून भातशेतात चढतात. उथळ, ऊबदार पाणी, पिल्लांना भरपूर खाणं, गिळायला टपलेले मोठे मासे कमी, म्हणून अंडी घालायला ती जागा. ही चढण काही तासांची, फार तर काही दिवसांची. बांधावरून पाणी पडतं तिथे मासे दाटतात, पुन्हा पुन्हा उडी घेतात, आणि तिथेच माणसं बॅटरी आणि कोयती घेऊन उभी असतात. एरवी गरीला लागणारा मासा आणि हा मासा यात फरक आहे: हा अंडी घालायच्या वाटेवर असतो आणि ती वाट हातभर रुंद असते. एक खोयन नीट बसली तर त्या व्हाळाची जवळजवळ सगळी चढण तिच्यात जाते. अंडी पुष्कळ खरी, पण ती पोटात असताना मासा तव्यावर गेला तर हिशेब शून्यच.

शिवाय सगळे मासे अंडी टाकून निघून जात नाहीत. मरळीची पिल्लं तुम्ही पाहिली असतील. शेंदरी ठिपक्यांचा पुंजका खाचरात वर येतो, हवेचा घोट घेतो, खाली जातो, आणि त्याच्या खाली मोठा मरळ राखण करत फिरतो. त्याला मारला की ती पिल्लं लवकरच दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. खाडीतल्या काळुंद्राचंही तसंच, नर-मादी दोघं मिळून अंडी राखतात.

तुम्ही आणखी एक लिहिलंत, की व्हाळाचा मासा वेगळा आणि दर्याचा वेगळा. पण पाणी एकमेकांना जोडलेलं आहे, कर्ली नदीचंच बघा. कुडाळला भंगसाळ म्हणतात ती हीच, देवबागला दर्याला मिळते. खजुरा, ज्याला रायगडात जिताडा म्हणतात, खाडीत आणि गोड्या पाण्यात वाढतो आणि विणीला खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात उतरतो. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे सर्वांत मोठा खजुरा बहुधा मादीच. तांबोशीची पिल्लं खारफुटीत वाढतात आणि मोठी झाली की बाहेर खडपांकडे जातात. अहिर, सापासारखा लांबट मासा, तर खोल समुद्रात जन्मतो, बोटभर पिल्लू होऊन नदी चढतो, वर्षानुवर्षं नदीच्या डोहांत राहतो आणि विणीला पुन्हा समुद्र गाठतो. मालवणच्या बाजारात जे येतं त्यातलं काही या वाटेवर कधीतरी पोसलेलं असतं.

रीतीबद्दल मला तुमच्याइतकीच आपुलकी आहे. पण महाडजवळची वाळण कोंड (नदीतला डोह) किंवा वाडा तालुक्यातलं वैतरणेवरचं तिळसे आठवा. तिथले महाशीर मासे देवाचे, त्यांना कोणी हात लावत नाही. हीसुद्धा आपलीच रीत. आणि आज चढणीला जे चालतं त्यातलं ब्लिचिंग पावडर टाकणं, विजेचा झटका देणं हे कुठल्या आज्याने शिकवलं? विष आणि सुरुंग यांवर तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे.

माझं मागणं एवढंच आहे: पहिल्या मोठ्या पुराचे चार-पाच दिवस खोयन लावू नका, आणि नंतर लावलीत तरी व्हाळाची एक बाजू मोकळी ठेवा. कालवण कोणाचं अडणार नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतली एक ओळ मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटली: वाडीच्या नव्या साकवाखाली पाईप इतके वर बसवलेत की मासा चढूच शकत नाही. हे खोयनीपेक्षा वाईट आहे, कारण खोयन काढता येते. पाईपच्या तोंडाशी दगड रचून उतार केला तरी चढण पुन्हा सुरू होऊ शकते. ग्रामसभेत हा विषय तुम्ही मांडा. अर्ज मी लिहून देतो. साकवाचे दोन फोटो, पाणी पडतं त्या बाजूने काढलेले, तेवढे पाठवा.