कुर्डुवाडीची नॅरोगेज देशातली पहिली नव्हती

कुर्डुवाडी जंक्शनबद्दल एक मजकूर फिरतो आहे: कुर्डुवाडी–बार्शी ही भारतातली पहिली नॅरोगेज (दोन रुळांमधले अंतर कमी असलेली) रेल्वे आणि ती ब्रिटिश कंपनीची असल्यामुळे तिच्यासोबतच हे स्टेशन वसले. यातले कंपनी ब्रिटिश असणे खरे आहे, बाकीचे दोन्ही दावे चुकीचे आहेत.

बडोदा संस्थानाने डभोई–मियागाम दरम्यान अडीच फूट अंतराचे रूळ १८६२ सालीच टाकले होते आणि त्यावरच्या गाड्या सुरुवातीला बैल ओढत. कुर्डुवाडी–बार्शी मार्गावरची ही बार्शी लाइट रेल्वे धावली ती १८९७ साली. स्टेशन तर त्याही आधीचे, कारण पुणे–सोलापूर मार्ग १८६० साली पूर्ण झाला तेव्हापासून ते ‘बार्शी रोड’ नावाने होते.

या रेल्वेचे खरे मोठेपण मात्र त्या मजकुरात कुठेच नाही, याची खंत वाटते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने इंजिन असो वा डबा, चाकांच्या प्रत्येक आसावरचा भार पाच टनांपर्यंतच ठेवला, त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल वाहून नेता आला. पुढे हा मार्ग पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरजेपर्यंत पोहोचला. सरकारने तो १९५४ साली विकत घेतला.