असू दे, लागेल कधीतरी

घर आवरायला काढलंय म्हणे तुम्ही. काढा की. फक्त टीव्हीखालचा तो अडकणारा खण उघडू नका, आणि उघडलात तर कृपा करून त्यातलं काही टाकू नका.

ती किल्लीच बघा. पितळी, दात झिजलेले, भोकात मळून काळी पडलेली नाडी. घरातल्या सगळ्या कुलपांना लावून झाली, एकालाही लागत नाही. ठेवा, म्हणूनच ठेवा! कुलूप सापडलं असतं तर ती नुसती किल्ली उरली असती. आता ती ठेव आहे.

वॉरंटीच्या पावत्याही फाडू नका. त्यांच्यावर शाई नसतेच, उष्णतेने काळा पडणारा थर असतो आणि तो उडून जातो. म्हणजे ज्या दिवशी यंत्र बिघडतं त्या दिवशी तुमच्या हातात गुळगुळीत कोरा कागद. तोही जपा, आता तो कुठल्याही वस्तूची पावती म्हणून दाखवता येईल.

सेल मात्र शिस्तीत ठेवा, संपलेले आणि नवे एकाच डबीत. रिमोट बंद पडला की एकेक घालून बघायचा, चालला नाही की परत त्याच डबीत टाकायचा. (आमच्याकडे यात एक रविवार सहज जातो.)

कुणी हसलं तर त्याला शास्त्र ऐकवा. कानमन, नेट्श आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले होते. तो मग विकायला त्यांनी जी किंमत मागितली, ती ज्यांना मग मिळाला नव्हता त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. आणि तो मग हातात येऊन झाली होती जेमतेम काही मिनिटं! तुमची किल्ली पंधरा वर्षं खणात आहे. हिशेब तुम्हीच करा. थेलरना पुढे नोबेल मिळालं, हेही सांगायला विसरू नका. तुमच्या खणाला तेवढंच वजन येतं.

शर्ट कधीच गेला, त्याचं जादा बटण आहे? असू दे. कशाचा तरी स्क्रू? तो तर असूच दे, ते 'कशाचं तरी' एक दिवस खिळखिळं होईल तेव्हा कळेल.

एवढं कळकळीने सांगतोय, कारण मागच्या महिन्यात मीही घर आवरलं. किल्ली नसलेलं एक कुलूप भंगारात दिलं. पितळीच होतं.

तुमची ती किल्ली साधारण केवढी आहे हो?