काका, तो फॉरवर्ड आधी डिलीट करा

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर धाकट्या काकांनी एक फॉरवर्ड टाकला. वर 'मानसशास्त्राचं सत्य, अवश्य वाचा', खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: लहानपणचे सिनेमे पुन्हापुन्हा बघणं ही पळवाट आणि कमकुवत मनाचं लक्षण, नॉस्टॅल्जिया, म्हणजे जुन्या दिवसांची हुरहुर, हा सिद्ध झालेला आजार, त्याने मेंदूच्या पेशी मरतात, आणि खंबीर माणसाला कुणाचा आधार लागत नाही, म्हणून आजाऱ्याला एकटं सोडावं. एरवी मी असलं न वाचता पुढे सरकवते. पण माझ्या चुलतबहिणीची, ताईची, केमो चालू आहे. सोमवारी तिने 'अशी ही बनवाबनवी' अर्ध्यात बंद केला आणि विचारलं, "मी खचत चाललेय का गं?"

पेशींचं आधी उरकते. कोणत्या पेशी, कुणी मोजल्या? उत्तर नाही. पुढे.

'सिद्ध झालेला आजार' यात कणभर तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. नॉस्टॅल्जिया हा शब्द योहानेस होफरने 1688 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला वैद्यकाच्या प्रबंधात घडवला, तो आजाराचं नाव म्हणूनच. पण तो लिहीत होता घरापासून लांब राहून झुरणाऱ्या स्विस लोकांबद्दल. वैद्यक तिथून कधीच पुढे गेलं, फॉरवर्ड तिथेच बसून आहे. 2006 मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या टिम वाइल्डशुट आणि कॉन्स्टन्टाइन सेडिकिडिस यांनी सहकाऱ्यांबरोबर या भावनेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या आठवणी बऱ्याचदा मन उदास किंवा एकटं असताना येतात, त्यांत जवळची माणसं असतात, आणि त्यांनी आपलं कुणीतरी आहे ही जाणीव वाढते, असं त्यांना आढळलं. उदासी आधी, आठवण नंतर. फॉरवर्डने क्रमच उलटा केला.

उलट्यावरून आठवलं. तो सिनेमा आम्ही पहिल्यांदा गणपतीत पाहिला, रस्त्यात बांधलेल्या पांढऱ्या पडद्यावर. पुढची जागा गेलेली, म्हणून पडद्याच्या मागे गोणपाटावर बसलो. तिथून पाट्यांवरची अक्षरंसुद्धा उलटी. सोमवारी ताई सिनेमापेक्षा त्या गोणपाटाबद्दल, आजीच्या मांडीवर झोपलेल्या धाकट्याबद्दल जास्त बोलत होती.

आता 'एकटं सोडा'. सगळ्यात घातक वाक्य हे, कारण ते घरातली माणसं वाचतात आणि ऐकतात. हवाईच्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरात दारू, भांडणं, मानसिक आजार अशा परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश पुढे कर्ती, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात वारंवार सापडलेली एक गोष्ट म्हणजे निदान एक भरवशाचं माणूस: आजी, मावशी, थोरलं भावंड, शिक्षिका, शेजारीण. हा अभ्यास मुलांचा आहे, केमोचा नाही, ठाऊक आहे. पण खंबीरपणा एकट्याने उगवतो ही थाप त्यात टिकत नाही. काका, तुमच्या बायपासच्या वेळी अकरा रात्री दवाखान्यात कोण झोपलं होतं? काकूच ना? मग तुम्ही कमकुवत होतात का?

राहता राहिली 'पळवाट'. तीही असू शकते. दुसऱ्या केमोनंतर ताई तीन रात्री सिनेमेच बघत बसली, फोन उचलेना, तपासणीची तारीख पुढे ढकलायला निघाली. तेव्हा मीच टीव्ही बंद केला आणि तिला घेऊन गेले. आणि सिनेमा बघून कॅन्सर बरा होतो असा फॉरवर्ड आला असता, तर त्यावरही मी एवढीच चिडले असते. औषधाचं काम औषधच करतं.

पुढची केमो गुरुवारी आहे. शनिवारी संध्याकाळी, ओकाऱ्या थांबल्या असतील तर, अर्धा राहिलेला सिनेमा पुरा करायचाय. काका, तुम्ही या. येताना काकूच्या हातचा चिवडा आणा, ताईला सध्या तेवढाच चालतो.