विरघळणारा स्क्रू म्हणे सहा महिन्यांत गायब!

भाच्याचा गुडघा कबड्डीत गेला, एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या अस्थिबंधाचं, ऑपरेशन ठरलं (त्यात हाडात बोगदा पाडून नवा बंध, म्हणजे ग्राफ्ट, बसवतात आणि तो स्क्रूनं घट्ट करतात), आणि घरच्या ग्रुपवर मावश्यांनी हा मेसेज फिरवायला घेतला: 'विरघळणारा स्क्रूच मागा. सहा महिन्यांत नाहीसा होतो, तिथं हाड भरतं, त्रास शून्य. धातूचा टाकलात तर जन्मात एमआरआय नाही. नडगीवर सूज किंवा गाठ आली तर स्क्रू विरघळत असल्याची खूण समजा, मिठाचा शेक द्या.'

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण त्यापायी कुणाचा तरी गुडघा जाईल. ऑपरेशननंतर गुडघा लाल, गरम झाला, जखम वाहू लागली, ताप भरला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. सांध्यात पू झाला की कूर्चा काही दिवसांत खराब होऊ लागते. अशा वेळी सांध्यातलं पाणी काढून तपासतात, गरज पडली तर गुडघा आतून धुतात. तुम्ही तेव्हा मीठ भाजत बसणार? संसर्ग नसला तरी गाठ ही शुभ खूण नव्हे. स्क्रूच्या उरलेल्या तुकड्यांवर शरीर चिडतं, द्रव साचतो. ही नोंदलेली गुंतागुंत आहे, आणि ती कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी उगवते. तोवर स्क्रू कुणाच्या ध्यानातही नसतो. काहींची गाठ उघडून साफ करावी लागते.

सहा महिने कुठून आणले देव जाणे. पॉलिलॅक्टिक ॲसिडचा, म्हणजे विरघळणाऱ्या प्लास्टिकचा, स्क्रू कित्येक वर्षं टिकू शकतो. तो गेल्यावर हाड भरेलच याचीही हमी नाही. हाडातला बोगदा उलट रुंदावल्याची उदाहरणं आहेत.

'त्रास शून्य'वाल्यांनी 2016चा कॉक्रेन आढावा (एका विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासणारा) बघावा. 12 चाचण्या, 944 रुग्ण. गुडघ्याच्या कामात दोन्ही स्क्रूंमध्ये फरक दिसला नाही, पण विरघळणाऱ्यात उपचार फसण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. त्यात ऑपरेशन चालू असतानाच स्क्रू तुटणंही आलं. पुरावा कमी दर्जाचा आहे, हे त्याच आढाव्यात लिहिलंय. पण फॉरवर्डपेक्षा बराच वरचा.

एमआरआयचं म्हणाल, तर टायटॅनियमचा स्क्रू असताना तो सहसा होतो. स्क्रूजवळचं चित्र बिघडतं, विरघळणाऱ्यात ते स्वच्छ येतं. बरं, एवढं मान्य.

शिवाय मांडीच्या हाडाकडे ग्राफ्ट अनेकदा हाडाबाहेर टेकणाऱ्या छोट्या बटणावर अडकवतात, तिथं स्क्रूच नसतो. तेव्हा भाच्याला सांगितलंय, कुठल्या टोकाला काय बसवलं ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घे, आणि सूज आली तर फोन सर्जनला कर, मावशीला नको.