'रेडर्स'मधलं ते विमान हिटलरचं नव्हतं

'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) या चित्रपटाबद्दल एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातली सगळी विमानं अस्सल आणि कथेतल्या १९३६ सालचीच. वाळवंटातलं बिनशेपटीचं विमान म्हणजे हिटलरचं 'हॉर्टन' जेट, आणि पाण्यावरचं ते खरंखुरं 'चायना क्लिपर', म्हणजे तिशीच्या दशकातलं पाण्यावर उतरणारं प्रवासी विमान. जुन्या विमानांवर जीव असणाऱ्याला हे वाचवत नाही.

आधी हॉर्टन. वॉल्टर आणि रायमार हे हॉर्टन बंधू १९३६ साली बिनशेपटीची ग्लायडर बनवत होते. त्यांचं जेट, हॉर्टन २२९, इंजिनाच्या जोरावर पहिल्यांदा उडालं ते फेब्रुवारी १९४५ मध्ये. त्याच महिन्यात ते कोसळलं आणि वैमानिक एर्विन झिलर मरण पावला. पुढचा नमुना अर्धवट अवस्थेतच अमेरिकनांच्या हाती लागला. तो आज वॉशिंग्टनजवळ स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. मग ट्युनिशियाच्या वाळूत उभं होतं ते काय? चित्रपटासाठी संकल्पचित्रं काढणाऱ्या रॉन कॉब यांच्या रेखाटनांवरून इंग्लंडमध्ये बांधलेलं, सुटं करून जहाजानं नेलेलं आणि तिथे पुन्हा जोडलेलं, न उडणारं विमान. मुळात चार इंजिनं ठरली होती, खर्चापायी दोनच ठेवली. शिवाय पडद्यावर नीट बघा: त्या दांडगट मेकॅनिकचा जीव जातो तो फिरत्या पंख्यात. जेटला पंखा कुठून येणार? हे विमान कल्पनेतून घडवणाऱ्या माणसांचं श्रेय नाझींच्या खात्यात जमा होतं, याचा मला खरोखर राग येतो.

'चायना क्लिपर'चं तर आणखी सोपं आहे. मार्टिन एम-१३० या जातीची तीनच विमानं पॅन अमेरिकन या विमान कंपनीसाठी बनली. एक १९३८ मध्ये पॅसिफिकवर बेपत्ता झालं, दुसरं १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डोंगरावर आदळलं, आणि खुद्द 'चायना क्लिपर' १९४५ मध्ये त्रिनिदादजवळ फुटलं. १९८० मध्ये चित्रीकरणाला आणायला एकही उरलं नव्हतं. पडद्यावर दिसतं ते ब्रिटिश शॉर्ट सोलेंट, १९४६ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या जातीचं. ते आज कॅलिफोर्नियात ओकलंडच्या विमान संग्रहालयात बघता येतं. फरक ओळखायचा तर पंखांच्या टोकांकडे पाहा. सोलेंटच्या पंखांखाली तरंगते, म्हणजे पाण्यावर तोल राखणारे पोकळ डबे, लटकलेले असतात. मार्टिनला ते नव्हते. तोल सांभाळायला त्याच्या पोटाशीच दोन आखूड, रुंद पंख होते.

दावा खरा ठरतो तो सुरुवातीच्या प्रसंगापुरता. चित्रपटाचा नायक इंडी (इंडियाना जोन्स) पोहत जाऊन ज्या दुपंखी विमानाला लटकतो, ते तिशीच्या दशकातलं अस्सल वाको यूबीएफ-२, पाण्यावर उतरणारं. ते हवाईतल्या काउआई बेटावर चित्रित झालं, आणि वैमानिक जॉकची भूमिका करणारे फ्रेड सोरेन्सन खरेच वैमानिक होते. त्यावरचा नोंदणी क्रमांक मात्र बनावट. 'ओबी-सीपीओ' ही अक्षरं 'स्टार वॉर्स'च्या ओबी-वान आणि सी-थ्रीपीओ यांच्यावरून घेतली आहेत.