फूटपट्टी कुलपात ठेवा

३१ मार्च. दुपारचे चार. उपयोगिता प्रमाणपत्राच्या चार प्रती आजच्या आज जायच्या आहेत आणि प्रिंटरमधून निघालेल्या चारही प्रतींवर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ उतरली आहे, नेमकी साहेबांच्या सहीवरून.

अशा वेळी कागदाकडे मुळीच बघू नका. माणसांकडे बघा. काल सगळे गेल्यावर मागे कोण थांबलं होतं? कुणाच्या मुलीचा पर्यावरणाचा प्रकल्प चाळीस पानी होता? एकदा गुन्हेगार ठरला की मशीन उघडण्याची गरज उरत नाही, आणि चहालाही विषय मिळतो.

तरीही कुणी फारच घायकुतीला आलं, तर कार्ट्रिज बाहेर काढा आणि सुपात तांदूळ पाखडतात तसं हलवा. हे काम ऑफिसातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाने करायचं असतं; बाकीच्यांनी भोवती उभं राहून ‘अजून थोडं’ म्हणायचं. टोनर संपत आला असेल तर हलवल्याने पावडर सारखी पसरते आणि पुसट अक्षरं चारदोन दिवस उजळतात, हे खरं आहे. ड्रमवरच्या, म्हणजे कार्ट्रिजमधल्या चकचकीत नळीवरच्या, ओरखड्याला मात्र पाखडण्याने काडीचाही फरक पडत नाही. पण हे बोलून दाखवू नका. ज्येष्ठांचा मान राहिला पाहिजे.

पावडर शर्टावर सांडली तर घरी जाऊन गरम पाण्यात भिजवा. टोनर म्हणजे मुळात बारीक प्लास्टिक. उष्णतेने वितळून चिकटणं हाच त्याचा धर्म. कोरड्या फडक्याने झटकून गार पाण्यात धुतलं तर डाग निघून जाईल, आणि मग तुम्ही कामासाठी झिजलात याचा पुरावा काय राहणार?

काढलेलं कार्ट्रिज खिडकीत उन्हाला ठेवा. पापड, लोणचं, गाद्या सगळ्यांना ऊन मानवतं, मग यालाच का नाही? ड्रमवरचा थर प्रकाशाला संवेदनशील असतो, लेझर त्याच्यावर उजेडानेच अक्षरं काढतो, म्हणून त्याला उन्हात ठेवायचं नसतं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. वर त्या चकचकीत नळीवरून एकदा बोटही फिरवून बघा. सगळ्यांनाच तो मोह होतो, तुम्ही एकट्याने का आवरायचा?

आता खरी धोक्याची सूचना. स्टेशनरीच्या कपाटात डिंकाच्या बाटलीमागे एक फूटपट्टी असते. ती आधी कुलपात टाका. कारण ज्या दिवशी ती कुणा आगाऊ पोराच्या हाती लागेल, त्या दिवशी सगळं उघड होईल. प्रिंटरच्या पोटात फिरणारं जे काही आहे ते गोल आहे. त्याच्यावर एका जागी खड्डा पडला किंवा काही चिकटलं, तर प्रत्येक फेऱ्याला कागदावर एकेक डाग उमटतो. दोन डागांमधलं अंतर म्हणजे त्या रोलरचा परीघ. सातवीतलं गणित. छोट्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरांपैकी पुष्कळांत ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर असतो, म्हणजे परीघ ७५. एफोर कागद २९७ मिलिमीटर लांब. त्यावर एकाखाली एक, तेवढ्याच अंतराने तीन-चार डाग दिसले तर ते ड्रमचे. ड्रमला टेकून फिरणारा चार्ज रोलर १२ मिलिमीटरचा असेल, तर डाग सुमारे ३८वर पडतील. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याचा तक्ताच दिलेला असतो. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य, आणि शून्य खर्चाच्या कामाची टिपणी कुठल्या लेखाशीर्षाखाली ठेवायची ते सांगा.

आणि डाग नसून सलग रेघ असेल, तर कारण बहुधा न फिरणाऱ्या जागी असतं: ड्रम पुसणारी रबरी पट्टी झिजलेली, किंवा तिच्यात एखादा कण अडकून त्याने ड्रमला गोल ओरखडा पाडलेला. रेघ पांढरी असेल, तर लेझरच्या नाही तर पावडरीच्या वाटेत काहीतरी आडवं आलेलं. जिज्ञासू लोक याच्याही पुढे जातात. कागद अर्ध्यात असताना झाकण उघडून मशीन थांबवतात आणि अजून न भाजलेल्या पानावर रेघ आहे का ते बघतात. असली तर पुढचा, तापून पावडर कागदावर चिकटवणारा फ्यूजर निर्दोष. असा माणूस आपल्या शाखेत असेल तर त्याची बदली होईल असं बघा. चालू मशीनचं झाकण उघडणं म्हणजे काय चेष्टा आहे?

रिफिलवाल्याला मात्र जरूर बोलवा. तो ‘ब्लेड पण बदलू का?’ असं विचारेल, म्हणजे तीच रबरी पट्टी. ‘नको, नुसती पावडर भर,’ म्हणा. ‘जुनी पावडर साठलीय, ती काढू का?’ असंही विचारेल. ‘पुढच्या वेळी.’ त्या वाचलेल्या पैशांत तीन कटिंग होतात.

झेरॉक्सच्या रेघेचं प्रकरण वेगळं आहे आणि माझं विशेष आवडतं. कॉम्प्युटरवरून काढलेली प्रत स्वच्छ येते, काचेवर कागद ठेवून काढलेली झेरॉक्सही स्वच्छ. फक्त वरच्या फीडरमधून घातलेल्या कागदांवर रेघ. झालेलं एवढंच असतं की बडे बाबूंनी तारखेवर व्हाइटनर लावला आणि तो वाळायच्या आत कागद फीडरमध्ये सरकवला. फीडरमधला कागद एका अरुंद काचपट्टीवरून सरकत जातो. पट्टी जागेवर, कागद चालता. त्यामुळे तिच्यावरचा मोहरीएवढा ठिपका अख्ख्या पानाची रेघ होतो. नखाने किंवा ओल्या फडक्याने तो निघतो. तुम्ही ड्रम बदलायची मागणी करा. तीन कोटेशनं येईपर्यंत पावसाळा लागेल, कागद दमट होतील, आणि तक्रारीत नवी भर पडेल.

एवढं सगळं मन लावून केलंत तर एक दिवस मशीन निर्लेखित होतं आणि नवं येतं. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि पहिला मान म्हणून कुणीतरी रजेच्या अर्जाची प्रत काढतं. तिच्यावर रेघ असते. एक नाही, तीन. कारण आपल्या अर्जाची मूळ प्रत ही कधीच्या काळातल्या झेरॉक्सची झेरॉक्स आहे, आणि होऊन गेलेल्या प्रत्येक मशीनने तिच्यावर आपापली आठवण ठेवली आहे. डावीकडची जाड रेघ जुन्या इमारतीतली. मधली फीडरची. उजवीकडची बारीक रेघ इतकी सरळ आहे की लोक तिच्यापलीकडे लिहीतच नाहीत, समास म्हणून सोडतात.

गेल्या महिन्यात नव्याने रुजू झालेल्या एका मुलीने तोच अर्ज शब्दन्‌शब्द पुन्हा टाइप करून आणला. कोरा करकरीत, एकही रेघ नाही. आस्थापना शाखेने तो परत पाठवला. शेरा होता: ‘अर्ज विहित नमुन्यात नाही.’