एक स्टार रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर: एक्सपान्शन घेतलं, मग दिसत काऊन नाही?

भाऊ, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. थोडक्यात तक्रार अशी: सिव्हिलायझेशन ६ या संगणकावरच्या साम्राज्य उभारायच्या गेमचे दोन्ही एक्सपान्शन (मूळ गेमवर वेगळी विकत घ्यायची मोठी भर; राइझ अँड फॉल आणि गॅदरिंग स्टॉर्म) आमच्याकडून घेतले, त्यासाठी घरी असलेला बेस गेम, म्हणजे मूळ गेम, पुन्हा विकत घ्यावा लागला, चालू खेळात नवं काहीच दिसलं नाही, नवा खेळ मांडला तर शहरं आपोआप फुटून गेली, एक जुना सेव्ह (जतन केलेला डाव) उघडत नाही, मित्राचा लॅपटॉप जोडला जात नाही, आणि वरून गेम लॅपटॉपवर कॉपी करायचे दीडशे रुपये. शेवटी तुम्ही लिहिलं, "एकाच गेमचे तीनदा पैसे काढणारं दुकान."

बेस गेमच्या बाबतीत चूक आमची आहे. गेम विकणारी ऑनलाइन दुकानं वेगवेगळी आहेत, एपिक स्टोअर एक आणि स्टीम दुसरं. तुमचा गेम एपिक स्टोअरवरचा होता, मे २०२० मध्ये तिथे आठवडाभर फुकट होता तेव्हा घेतलेला. डीएलसी (गेमवर वेगळी घ्यायची कुठलीही भर, एक्सपान्शनही त्यातच) ज्या स्टोअरवर घेतली त्याच स्टोअरच्या बेस गेमला लागते. एपिकचा गेम आणि स्टीमचं एक्सपान्शन, दोन्ही अस्सल असले तरी एकमेकांना ओळखत नाहीत. आमच्या काउंटरवरच्या पोराने तुमच्या स्टीम अकाउंटवर दोन्ही एक्सपान्शन घेऊन दिले, पण बेस गेम कुठला ते विचारलंच नाही. स्टीमच्या पानावर "यासाठी स्टीमवरचा बेस गेम लागेल" अशी सूचना असते, तीही नजरेतून सुटली. लक्षात आल्यावर केलं ते आणखी चुकीचं: स्टीमवर बेस गेमच घ्यायला लावला. खरं तर त्याच दिवशी रिफंड मागायला पाहिजे होता. स्टीमचा नियम असा आहे की डीएलसी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. त्या अकाउंटवर मूळ गेमच नव्हता, म्हणजे खेळलेला वेळ शून्य. दोन्ही परत करून एपिकवर घेतले असते तर विषयच संपला असता. आता तुमचे चाळीसेक तास खेळून झाले, रिफंड बसत नाही. म्हणून बेस गेमचे पैसे दुकान देईल, दीडशे रुपयेही.

बाकीच्या मुद्द्यांवर मात्र आमचं म्हणणं वेगळं आहे.

"चालू खेळात नवं काहीच दिसलं नाही." दिसणारही नाही. सिव्हिलायझेशनमध्ये एक्सपान्शन म्हणजे चालू डावात टाकायचा मसाला नाही, ते वेगळं नियमपुस्तक आहे. डाव मांडताना जे नियम निवडले ते त्या सेव्हला शेवटपर्यंत चिकटलेले असतात. तुमचा डाव बेस गेमच्या साध्या नियमांवर सुरू झाला, तो दोनशेव्या टर्नलाही साध्याच नियमांवर चालेल. नवं पाहायचं तर सिंगल प्लेअर, मग क्रिएट गेम, आणि तिथल्या रूलसेट (नियमसंच) या यादीतून गॅदरिंग स्टॉर्म निवडायचं. यादीत ते नावच नसेल तर मेनूतल्या ॲडिशनल कंटेंटमध्ये जाऊन त्याच्यासमोरची खूण लागली आहे का बघा. तिथेही नाव नसेल तर डाउनलोड अर्धवट आहे किंवा डीएलसी दुसऱ्या स्टोअरची आहे. हे सगळं खरेदीच्या दिवशीच, दोन तास व्हायच्या आत बघून घ्यावं, म्हणजे रिफंडचं दार उघडं राहतं.

शहरं फुटण्याबद्दल तुम्ही "बग आहे, खराब कॉपी दिली" असं लिहिलं. तो बग नाही, लॉयल्टी आहे, म्हणजे शहराची निष्ठा मोजणारा नियम. फेब्रुवारी २०१८ च्या राइझ अँड फॉलमध्ये ती आली, आणि फेब्रुवारी २०१९ च्या गॅदरिंग स्टॉर्मच्या नियमांतही आहे. प्रत्येक शहराची निष्ठा जास्तीत जास्त १००. नकाशावरच्या नऊ घरांच्या आत ज्याची लोकसंख्या जास्त, त्याचा ओढा त्या शहरावर पडतो. निष्ठा शून्यावर आली की शहर स्वतंत्र होतं, आणि मग बहुतेक वेळा शेजारच्या बलवानाच्या पदरात पडतं. बेस गेममध्ये चांगली जागा दिसली की परक्या मुलखातही वस्ती टाकायची सवय लागते. या नियमांत ती सवय महागात पडते. तुमची फुटलेली दोन्ही शहरं अगदी शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर होती, तुम्हीच टाकलेल्या फोटोत दिसतं. फोटोत तुमचा काळ डार्क एजचा, म्हणजे पडता काळ, आहे हेही दिसतं. डार्क एजमध्ये तुमच्या प्रत्येक नागरिकाचा ओढा निम्मा होतो, गोल्डन एजमध्ये दीडपट. म्हणजे शेजारी सोन्याच्या काळात आणि तुम्ही अंधारात असाल तर एकाच आकाराच्या दोन शहरांत तिप्पट फरक पडतो. अशा वेळी सीमेवरच्या शहरात गव्हर्नर (गेममधला नेमायचा कारभारी) बसवा, दर टर्नला ८ निष्ठा मिळते. मॉन्युमेंट (स्मारक) आधी बांधा. आणि नवी वस्ती एकटी टाकू नका, दोन-तीन जवळजवळ टाका, म्हणजे ती एकमेकींना धरून राहतात.

इथे एक गोष्ट आम्ही विकायच्या आधी सांगायला हवी होती. लॉयल्टी, गव्हर्नर, गोल्डन आणि डार्क एज हे सगळं गॅदरिंग स्टॉर्ममध्ये येतंच. राइझ अँड फॉल घेतलेलं नसलं तरी. राइझ अँड फॉलमधून वेगळे मिळतात ते त्यातले देश आणि नेते. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला त्यात ओढ असते ती चंद्रगुप्ताची, बेस गेममध्ये भारताला फक्त गांधी आहेत. चंद्रगुप्त नको असेल तर एकटं गॅदरिंग स्टॉर्म घेऊन भागतं. पूर, दुष्काळ, वीज, कोळसा जाळून वाढणारा समुद्र, जागतिक काँग्रेस, राजनैतिक विजय, सगळं त्यातच. आमच्या मते पैसा वसूल तेच होतं. राइझ अँड फॉल सेलमध्ये घ्यावं.

न उघडणाऱ्या सेव्हचं कारण बहुधा मॉड आहे, म्हणजे गेममध्ये बदल करायला बाहेरून टाकलेल्या फाइल्स. सेव्ह करताना चालू असलेले बहुतेक मॉड आणि डीएलसी त्या फाइलशी बांधले जातात; त्यातलं एक जरी नव्या जागी नसलं तर गेम सेव्ह उघडत नाही. तुम्ही एपिकच्या गेममध्ये हाताने टाकलेले मॉड स्टीमच्या गेममध्ये आपोआप येत नाहीत. फाइल मेलेली नाही. लोड करायला गेल्यावर काय कमी आहे त्याची यादी येते, तिचा फोटो काढून ठेवा. तेच मॉड, शक्य तर त्याच आवृत्तीचे, टाकले की डाव उघडायला पाहिजे. तोवर डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये सिव्हिलायझेशनचं फोल्डर उघडा, त्यातल्या सेव्ह्ज आणि मग सिंगलमधलं सगळं पेन ड्राइव्हवर घ्या. जुना गेम काढून टाकायची घाई करू नका.

मित्राचं सोपं आहे. त्याच्याकडे फक्त बेस गेम आहे. सिव्हिलायझेशन ६ मध्ये एक्सपान्शनच्या नियमांवर एकत्र खेळायचं तर ते एक्सपान्शन दोघांकडे लागतं. नाहीतर साध्या नियमांवर मांडा, लगेच जुळेल. प्रत्येक गेमचं गणित वेगळं असतं. युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ या इतिहासावरच्या गेममध्ये होस्टकडे (डाव मांडणाऱ्याकडे) ज्या डीएलसी आहेत त्या बाकीच्यांनाही त्या डावापुरत्या वापरता येतात, म्हणून चार पोट्ट्यांत एकाने घेतलं तरी चालतं. एज ऑफ एम्पायर्स २ डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडिया ही डीएलसी न घेतलेला माणूस गुर्जर किंवा बंगाली घेऊन खेळू शकत नाही, पण ते घेऊन आलेल्याशी लढू शकतो. त्या एप्रिल २०२२ च्या अपडेटने जुने "इंडियन्स" सगळ्यांसाठी हिंदुस्तानी झाले, न घेणाऱ्यांसाठीही.

दीडशे रुपये परत देतोच आहोत, तरी ते कशाचे होते ते लिहितो, कारण हाच प्रश्न बाकीचेही विचारतात. गेमचे पैसे तुम्ही स्वतःच्या यूपीआयवरून स्टीमला देता, आमच्याकडे त्यातला रुपयाही येत नाही. दीडशे रुपये लाइन आणि वेळेचे. खेड्यावर १० एमबीपीएसची लाइन असेल तर स्टीमवर आकडा दिसतो तो सव्वा एमबीचा, कारण आठ बिट म्हणजे एक बाइट. १० जीबी उतरायला सव्वादोन तास लागतात, तेही मध्ये लाईट गेली नाही तर. दुकानात आम्ही एकदा उतरवतो आणि तुमच्या लॅपटॉपवर वायरने देतो. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्सखाली लोकल नेटवर्कवरून गेमच्या फाइल्स देण्याची सोय २०२३ पासून आहे. घरी दोन मशीन असतील तर तुम्हीही करा: दोन्हींवर स्टीम चालू, दोन्ही एकाच राउटरवर, ज्याच्याकडे गेम आहे तिथे परवानगी द्यायची. अपडेट बसताना लाईट गेली आणि गेम उघडेना, तर पुन्हा सगळं उतरवू नका. गेमवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथून फाइल्सची तपासणी. जेवढं बिघडलं तेवढंच परत येतं. आणि डिस्कवर जागा ठेवा. अपडेट ५०० एमबीचं असलं तरी स्टीम मोठी फाइल नव्याने जोडतो, त्याला ५०० एमबीपेक्षा बरीच जास्त जागा लागते. "डिस्क भरली" म्हणून मध्येच थांबतं ते यामुळे.

शंभर रुपयांत "सगळ्या डीएलसीसकट" गेम टाकून देणारं दुकान गावात आहे, असंही तुम्ही लिहिलं. असेल. ती कॉपी स्टीमवरून अपडेट होत नाही, मित्राबरोबर ऑनलाइन खेळता येत नाही, आणि तिच्यासोबत लॅपटॉपमध्ये आणखी काय शिरलं ते कोणी सांगत नाही. आम्ही ते काम करत नाही.

पोराने तुम्हाला युरोपा ४ सुचवला, त्यावरही तुम्ही चिडलात. ते चिडणं आम्हाला पटतं. २०१३ चा गेम, वर डीएलसींची रांग. तिथली अडचण वेगळी: प्रत्येक एक्सपान्शनबरोबर मोठं फुकट अपडेट यायचं आणि ते न घेणाऱ्यालाही लागायचं. २०१५ मध्ये फुकट अपडेटने सगळा नकाशा डेव्हलपमेंटवर (प्रांताची भरभराट मोजणाऱ्या आकड्यावर) बसवला, पण स्वतःच्या हाताने ती वाढवायची सोय कॉमन सेन्स या तेव्हा विकतच्या असलेल्या डीएलसीत होती. म्हणून तिथे कुठली सोय पैशांच्या कुलपात आहे ते वाचूनच पैसे टाकावेत. वऱ्हाड आणि गोंडवन नकाशावर सापडतील, भारतासाठीचं एक्सपान्शन धर्मा २०१८ चं. पण आधी महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर खेळून बघा, आवडलं तर सेलमध्ये एकेक घ्या. आणि नवं एक्सपान्शन आलं त्याच दिवशी कधीच नाही: युरोपा ४ चंच लेव्हायथन एप्रिल २०२१ मध्ये आलं तेव्हा बगमुळे किती शिव्या खाल्ल्या ते स्टीमवरच्या रिव्ह्यूंत अजून वाचता येतं.

चालू डाव असताना असं मोठं अपडेट आलं तर युरोपा ४ काढणाऱ्या पॅराडॉक्स कंपनीच्या गेममध्ये मागे जाता येतं. प्रॉपर्टीजमधल्या बीटाजमध्ये जुन्या आवृत्त्यांची यादी असते. सेव्ह ज्या नंबरचा तो निवडायचा, डाव संपवायचा, मग परत वर यायचं. त्यांच्याच स्टेलारिस या अंतराळातल्या गेमचं डिसेंबर २०१८ चं २.२ अपडेट ग्रहांवरचे इमारती बसवायचे चौकोनच काढून गेलं होतं, तेव्हा चालू डाव वाचवायचा रस्ता हाच होता. सगळ्याच गेममध्ये ही यादी नसते. नसेल तर डाव संपेपर्यंत स्टीम ऑफलाइन ठेवा.

लॅपटॉप, चार्जर आणि ती मॉडची यादी घेऊन या. बाजाराचा दिवस सोडून कधीही, सकाळी अकरानंतर. बाजाराच्या दिवशी गर्दीत नीट बसून काम होत नाही. सेव्ह उघडून देईपर्यंत मशीन आमच्याकडे ठेवायची गरज पडणार नाही, समोर बसूनच करू. पैसे त्याच वेळी यूपीआयवर परत करतो.